रम घातलेलं सीताफळाचं दूध

खोली पाहायला गेले तेव्हा मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला.

"दूध पचते का तुला?"

"पचतं," मी म्हटलं.

"मग झालं. सामान कधी आणून राहिली?"

त्याआधी मी पांढुर्ण्यात सहा खोल्या पाहिल्या होत्या. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता, नवीन कार्यालयं उघडत होती आणि त्यातल्याच एका ठिकाणी मला लिपिकाची नोकरी लागली होती. मी मूळची मोहगावची. सहाही घरी मला बसायला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, मग आडनाव विचारलं गेलं. आडनाव ऐकल्यावर प्रत्येक घरमालकाला आठवलं, की त्या खोलीत गावाकडचा भाचा राहायला येणार आहे. एकाच आठवड्यात पांढुर्ण्यात फार भाचे येत होते. मॅडमनी आडनाव विचारलंच नाही. दोन महिन्यांनी राहण्याचा दाखला लिहून देताना विचारलं, तेव्हाही फक्त "वेलांटी पहिली की दुसरी?" एवढंच.

मॅडम सौंसरच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्या रोज सकाळी पांढुर्ण्याहून बसनं सौंसरला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे घरात मराठी बोलतानाही त्या आंबटाला अम्ल म्हणायच्या आणि सरबताला विलयन, म्हणजे द्रावण. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर "राहून गेलं," म्हणायच्या, बसमध्ये छत्री राहून जावी तसं. अंगानं वाळक्या, केस मानेपर्यंत कापलेले, आणि सुती साडीवर कायम शाळेतला पांढरा लॅबकोट. भाजी चिरताना लॅबकोट, दळण आणायला लॅबकोट, दारावर कोणी चंदा मागायला आला तरी लॅबकोट. नवीन माणसाला वाटायचं दवाखाना आहे. दोनदा तर माझ्यासमोर लोक ताप दाखवायला आले. मॅडमनी त्यांना बसवून ताप मोजून दिला आणि मग डॉक्टरचा पत्ता सांगितला.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता खालून मिक्सरचा आवाज आला आणि मागोमाग मॅडमची हाक. खाली आले तर व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून, दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीत मॅडम, दुसरीत एक उंच, भरदार बाई, साडीखाली खेळाचे बूट घातलेली. त्या पीटी मॅडम. त्याच शाळेत खेळ शिकवायच्या आणि आता दर रविवारी सौंसरहून बसनं यायच्या. दोघींच्या हातात काचेचे उंच ग्लास, वर बोटभर फेस.

"घे, तुझं साधं केलं आहे," मॅडम म्हणाल्या.

"साधं म्हणजे?"

"म्हणजे आमच्यात रम आहे."

मला ती थट्टा वाटली. तेवढ्यात फाटकाशी दूधवाले काका थांबले. "काय पिऊन राहिल्या, मॅडम?"

"रम घातलेलं चिकूचं दूध."

"तुम्ही बी ना, मॅडम!" हसत हसत काकांनी गाडीला किक मारली. पुढे मी पाहिलं की हे असंच चालायचं. शेजारच्या वहिनी, देवळातून येणारे आजोबा, विम्याचा एजंट, कोणीही विचारलं तरी मॅडम खरं तेच सांगायच्या, आणि एकालाही ते खरं वाटायचं नाही. लॅबकोटातली निवृत्त मास्तरीण भर दुपारी रस्त्यासमोर बसून रम पिते, हे कोणाच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

माझ्याही शिरलं नसतं. पण ग्लास ठेवायला स्वयंपाकघरात गेले आणि फळीवर हळदीच्या आणि मोहरीच्या डब्यांमध्ये बाटली उभी दिसली. तिच्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती, त्यावर बाटली उघडल्याची तारीख. झाकणाजवळचा वास नाकात गेला आणि मी ग्लास न धुताच ओट्यावर ठेवला.

माझा बाप दारूनं गेला होता. मोहाची, देशी, मिळेल ती. मी अकरावीत होते तेव्हा गेला, पण त्याच्या आधीच कितीतरी वर्षं तो घरात नसल्यासारखाच होता. त्याची म्हणून माझ्याजवळ जी आठवण आहे ती वासाची आहे, आणि दाराची कडी आतून लावून बसलेल्या आईची.

त्या रविवारी मी तशीच वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम जिना चढून आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"तुझ्या घरी कोणी पीत होतं का?"

"बाबा."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "मी बंद नाही करणार. खोटंही नाही सांगणार. तुला त्रास होत असेल तर रविवारी चार ते पाच तू बाहेर जात जा. दुसरी खोली पाहायची असेल तर मी मदत करते."

दुसरी खोली मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून राहिले. आणि खरं सांगायचं तर मी वाट पाहत राहिले. आज ना उद्या या बाईचा हात थरथरेल, आवाज चढेल, रविवारचं दूध मंगळवारीही होईल. कितीतरी रविवार मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तिच्यावर नजर ठेवली.

दिसलं ते असं. दूध म्हशीचं, सकाळी तापवून, साय काढून, फ्रिजच्या अगदी वरच्या खणात गार केलेलं. फळ जे मोसमात असेल ते. सीताफळ असलं तर मॅडम पाऊण तास बिया काढत बसायच्या आणि पीटी मॅडम त्या मोजायच्या, कशासाठी ते दोघींनाही माहीत नव्हतं. गर, दूध, चमचाभर साखर, मिक्सर. त्यातून आधी माझा ग्लास काढायचा. मग शाळेतून निरोपाच्या दिवशी मागून आणलेलं काचेचं मोजपात्र टेबलावर ठेवायचं, मॅडम वाकून डोळा त्याच्या रेषेशी आणायच्या आणि माणशी तीस मिलीलिटर रम मोजायच्या. ती शेवटी, धार बारीक करून, मिक्सर सावकाश फिरत असताना. "घाई केली किंवा दूध कोमट राहिलं, की ते नासते," त्या सांगायच्या. "मुलींना मी हेच सांगत होती. दोन गोष्टी एकत्र करायच्या तर थंडपणे करायच्या."

एक ग्लास. पाच वाजता ग्लास धुऊन पालथे. साडेपाचच्या बसनं पीटी मॅडम सौंसरला. पावसामुळे एका रविवारी पीटी मॅडम आल्या नाहीत, तेव्हा मिक्सर लागलाच नाही. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "एकटीनं प्यायचं नाही. एकटीनं प्यायला लागलं की ते औषध होते, आणि औषध मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेत नाही."

हे सगळं सुरू कसं झालं ते पीटी मॅडमनी सांगितलं. दोघी एकाच महिन्यात निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. मग शाळेतले पुरुष शिक्षक पार्टीसाठी कोणाच्या तरी संत्र्याच्या बगीच्यात निघाले आणि या दोघींना बसस्टँडवर सोडण्यात आलं. "चौतीस वर्षं संगं शिकवलं," पीटी मॅडम म्हणाल्या, "अन् पार्टी आमच्या निरोपाची होती ना? आमच्याशिवायच?" दोघी त्या दिवशी पांढुर्ण्याला उतरल्या, नारळ हातात घेऊनच दारूच्या दुकानात गेल्या आणि बाटली आणली. एक घोट घेतला. दोघींनाही ते डोक्याला लावायच्या तेलासारखं लागलं. टाकून द्यायचं तर जीव होईना. फ्रिजमध्ये चिकूचं दूध होतं, त्यात ओतलं. "अन् मग वो," पीटी मॅडम डोळे मिटून म्हणाल्या, "आम्ही हसलो. एवढं हसलो की शेजारच्यांना वाटलं रडून राहिल्या बाया. निरोपाच्या दिवशी बाया रडतेच."

बाटली संपली की मॅडम स्वतः दुकानात जायच्या, सकाळी अकराला, कापडी पिशवी घेऊन. एकदा मी त्यांच्याबरोबर बाजारात होते, तेव्हा नाइलाजानं गेले आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. मॅडम रांगेत उभ्या राहिल्या. पुढचे पुरुष बाजूला सरकायला लागले तर म्हणाल्या, "कायले? नंबरनं येऊ द्या." एकानं रुमालानं तोंड झाकलं. त्यालाच मॅडमनी हेरलं. त्याच्या बायकोला त्यांनी शिकवलं होतं. "काय हो, ती बी.एससी. पूर्ण करून राहिली की नाही? तुम्ही म्हटलं होतं लग्नानंतर करू देऊ." तो माणूस बाटली न घेताच निघून गेला. दुकानदार बाटली जुन्या पेपरात गुंडाळायला लागला तेव्हा मॅडमनी हात पुढे केला. "तशीच द्या. मी चोरी नाही करून राहिली." पुढच्या सत्रात त्या बायकोनं परीक्षेचा फॉर्म भरला, हे मला खुद्द तिच्याकडूनच समजलं. पेढे घेऊन आली होती.

पण मॅडमना मनापासून जे पाहिजे होतं ते वेगळंच. आमच्या भागाचं फळ संत्रं. हिवाळ्याच्या तोंडाला अंबियाचा बहार निघाला की रस्त्यानं क्रेटच्या क्रेट जातात, आणि मॅडमच्या भावाचाही सौंसरजवळ बगीचा. घरात संत्र्यांचा ढीग, आणि त्याचं दूध काही होत नाही. संत्रं आंबट. दुधात रस पडला की दूध फाटतं हे शेंबड्या पोरालाही माहीत. मॅडमना ते मान्य नव्हतं. त्या हिवाळ्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरात किती दूध फाटलेलं पाहिलं याला मोजदाद नाही. रस बर्फासारखा गार करून घातला, फाटलं. दूध आटवून घातलं, फाटलं. चिमूटभर सोडा घातला तेव्हा नाही फाटलं, पण ग्लासातून फेस उसळला आणि चव अंगाच्या साबणाची. मॅडमनी वहीत लिहिलं, 'चव: साबण.' फाटलेल्याचं पनीर करून त्या आम्हाला खाऊ घालायच्या. त्या हिवाळ्यात आम्ही फार पनीर खाल्लं.

मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर मेणबत्ती पेटवलेली. संत्र्याच्या सालीचा तुकडा त्यांनी ज्योतीजवळ धरून चिमटला आणि चुर्रकन ठिणग्या उडाल्या.

"पाहिलं? तेल आहे हे. वास रसात नाहीच, सालीत आहे. आणि तेलात अम्ल नाही. दूध भांडेल कशाशी?"

पांढरा भाग खरवडून टाकलेली, नुसती केशरी साल त्यांनी रममध्ये भिजत घातली, लोणच्याच्या बरणीत, आठ दिवस. नवव्या दिवशी रविवार होता. पीटी मॅडम आल्या. गार दूध, त्यात ती रम बारीक धारेनं. आम्ही तिघी ग्लासाकडे पाहत उभ्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. फाटलं नाही. मॅडमनी घोट घेतला आणि त्या खाली बसल्या, जमिनीवरच, लॅबकोट सावरत. "सहासष्टाव्या वर्षी," त्या म्हणाल्या, "सहासष्टाव्या वर्षी माझा प्रयोग यशस्वी झाला." शाळेत असताना प्रयोग म्हणजे पुस्तकात लिहिलेलं उत्तर आणायचं. हे उत्तर कोणत्या पुस्तकात नव्हतं.

त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की मी जिन्यावर नव्हते, त्यांच्याजवळ उभी होते, आणि कधीपासून तिथंच होते.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती मोहगावलाच असायची, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. मी फोनवर सांगायचे, मालकीणबाई चांगल्या आहेत, मास्तरीण होत्या. एवढं पुरत होतं. पण दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका रविवारी आई न सांगता आली, डोक्यावर वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन, नेमकी साडेचारला. मी वरून पाहिलं तेव्हा ती फाटकाच्या आत आली होती.

"या, या," मॅडम उठल्या. "तुम्ही हिच्या आई ना? चेहरा तोच आहे. काय घेता?"

आई त्यांच्या हाताकडे पाहत होती. "काय हाय ते?"

"रम घातलेलं सीताफळाचं दूध."

साऱ्या पांढुर्ण्यात त्या वाक्यावर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवणारी माझी आई एकटीच.

ती सरळ जिना चढून वर आली. पिशवी खाली ठेवली नाही. "सामान बांध."

"आई, ऐक तर."

"तू घेतली?"

"नाही."

आई पुढे आली आणि तिनं माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. बाबा घरात शिरताना ती हेच करायची. मी सव्वीस वर्षांची होते, सरकारी नोकरीत होते, आणि श्वास सोडून उभी राहिले. आईचा चेहरा मला पाहवत नव्हता.

मॅडम मागोमाग आल्या होत्या. ग्लास खाली ठेवून.

"ती थेंबही घेत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला कधी विचारतही नाही."

"तुम्ही शिकेल बाई हाय," आई म्हणाली. "माणसं पितेत ते मी सोळा वर्सं पाह्यलं. आता बायाच घेऊन बसल्या, अन् माही पोरगी तेच्यात. कोणाले सांगू मी?"

मॅडमना उत्तर देता आलं असतं. मोजपात्र, तीस मिलीलिटर, एक ग्लास, सगळं सांगता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. तुम्ही जे पाहिलं त्याच्यापुढे मी काय बोलू? पोरीला न्यायचं तर न्या. मी रागावणार नाही."

आईनं एक महिन्याची मुदत दिली. महिन्याभरात दुसरी खोली.

दोन आठवड्यांनी ती स्वतः आली, माझ्याबरोबर खोल्या पाहायला. सकाळपासून आम्ही फिरलो. पहिल्या घरी भाचा निघाला. दुसऱ्या घरी आडनाव ऐकून मालकीण म्हणाली, "आमच्या घरात देवाचं फार असते, तुमचं जमणार नाही." तिसरं घर आईला फार आवडलं. अंगण सारवल्यासारखं स्वच्छ, दारात तुळस, मालक माळकरी, घरात कांदासुद्धा नाही. त्यांनी खोली दाखवली, किल्लीही हातात दिली. मग पावतीवर नाव लिहिताना त्यांचा पेन थांबला. किल्ली त्यांनी परत मागितली नाही, नुसता हात पुढे केला. आईनं त्या हातावर किल्ली ठेवली.

आम्ही परत आलो. फाटकाशी मॅडम भेटल्या, लॅबकोटात, झाडांना पाणी घालत. आम्हाला पाहून त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. आत जाऊन स्वतःच्या माठातलं पाणी आणलं, आईनं ते पिऊन तांब्या परत दिला, आणि त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी मॅडमनी तोंड लावून संपवलं. त्यांना तहान लागली होती, त्यापलीकडे काही नसावं. आई मात्र त्यांच्याकडे बघत राहिली.

"राहू दे इथंच," बसमध्ये चढताना ती मला म्हणाली. "पण मले ते आवडत नाही. सांगून ठेवते."

संक्रांतीनंतर पीटी मॅडमचा मुलगा आला आणि त्यांना इंदूरला घेऊन गेला. गुडघे गेले होते, सौंसरला एकटं राहणं होत नव्हतं. शेवटच्या रविवारी दोघींनी संत्र्याचं दूध घेतलं. पीटी मॅडम गाडीत बसताना मॅडम म्हणाल्या, "व्यायाम करत जा," आणि पीटी मॅडम म्हणाल्या, "ते मी सांगायचं असते."

त्यानंतर रविवारी मिक्सर लागेनासा झाला. मॅडम चार वाजता व्हरांड्यात बसायच्या, समोर रिकामी खुर्ची. मी जाऊन बसायचे, पण मी पीत नव्हते आणि त्यांच्या हिशेबात मी विद्यार्थिनी होते, सोबतीण नव्हते. हळूहळू त्या बाहेर बसेनाशा झाल्या. वही बंद. एका दिवशी लॅबकोट घातलाच नाही, खुंटीला तसाच होता. दूधवाले काका मला विचारायला लागले, "मॅडमची तब्येत बरी नाही का?" बाटलीवरची तारीख जुनी होत चालली होती. माझ्या बापाच्या घरात वाढलेल्या मला एखाद्या बाटलीची पातळी खाली जात नाही म्हणून काळजी वाटेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

फोनवर आईला सांगितलं. तिनं "खाते का बराबर?" एवढंच विचारलं.

होळीनंतरच्या रविवारी फाटक वाजलं. आई. डोक्यावर पिशवी, त्यात घरच्या म्हशीचं नाही पण मोहगावच्याच कोणाच्या तरी म्हशीचं दूध, स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. ती थेट स्वयंपाकघरात गेली.

"मॅडम, तुमचं ते मशीन लावा."

मॅडम झोपून उठल्यासारख्या दारात आल्या. "मी एकटी नाही पीत."

"एकटी कुठं हाय? मी काय खांब हाय का?" आईनं डबा टेबलावर ठेवला. "माह्यं सादं करा. तुमचं तुम्ही घ्या. पण माह्या डोयासमोर अन् मोजून."

मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. "तुम्हाला वासाचा त्रास होईल."

"होईल. जाईन मंग उठून."

मॅडमनी खुंटीवरचा लॅबकोट काढून अंगात घातला. आईला संत्र्याचं पाहिजे होतं, पण भिजवलेली साल होती रममध्ये, आणि ती आईला चालणार नव्हती. मॅडम दोन मिनिटं उभ्या राहिल्या, मग त्यांनी मृग बहाराचं, उन्हाळ्याच्या तोंडाला येणारं एक संत्रं घेतलं आणि साल साखरेवर घासायला लागल्या. साखर केशरी झाली, ओलसर झाली, खोलीभर वास पसरला. ती साखर दुधात घातली. फाटलं नाही. "हे मला आधी का नाही सुचलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मोजपात्र टेबलावर आलं. आई वाकली, तिनं डोळा रेषेशी आणला.

"वर आलं की!"

"काठाला वर दिसते. मधला खोल भाग पाहा. तो रेषेवर पाहिजे."

"हाव. बराबर हाय." आई चौथीपर्यंत शिकली होती. ती सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्याचा भाव होता.

दोघी व्हरांड्यात बसल्या. मी दाराला टेकून. आई मॅडमच्या ग्लासावरून येणारा वारा लागणार नाही अशा बाजूला बसली होती, पण बसली होती. मॅडमनी घोट घेतला, आईनं घेतला. "चांगलं लागते," आई म्हणाली. मग दूध कोणत्या म्हशीचं, चारा काय, असं बोलणं निघालं आणि आई म्हणाली, "आमच्याकडं बी होती. चंद्री. लगन झालं त्या वर्सी हिच्या बापानं घेतली होती."

मला आमच्याकडे कधी म्हैस होती हेच माहीत नव्हतं.

"मले दूध देत नव्हती ते. लात मारे. तो बसला की उभी राहे चुपचाप. गाणं म्हणे तो तिच्यासाठी."

"मग काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"प्याले लागला. वास आला की चंद्री दूर सरके. त्याले हात लावू देईना. मंग इकली." आईनं ग्लास मांडीवर ठेवला. "त्या जनावराले समजलं आधी. मी म्हणत होते सुधरते."

रस्त्यानं संत्र्याचे क्रेट भरलेली गाडी गेली. मग मॅडम म्हणाल्या, "गाणं कोणतं?"

"गाणं कायचं वो! त्यानंच जोडलं होतं." आईनं पदर तोंडावर नेला. ती हसत होती. बाबांचं नाव निघाल्यावर आईला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"म्हणा ना."

"मले नाही येत."

"येते तुम्हाला."

आईनं रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि अगदी हळू म्हटलं:

"चंद्रे चंद्रे, उभी राय गं,
मी नाही धनी, तुहा भाय गं,
धार दे मले लोट्याभर,
नवी नवरी हाय उपाशी घर."

नवी नवरी म्हणजे आई. एकोणीस वर्षांची असेल. तिच्यासाठी दूध मागत माझा बाप म्हशीशी गोड बोलत बसला होता, हसरा, शुद्धीवर, आणि मला तो त्या दिवसापर्यंत कोणी दाखवला नव्हता.

"परत म्हणा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी लॅबकोटाच्या खिशातून पेन काढला.

आता माझी बदली बैतूलला झाली आहे. त्या घरातली वरची खोली मी सोडली, पण आई दर दुसऱ्या रविवारी मोहगावहून सौंसरमार्गे पांढुर्ण्याला जाते. मला फोन येतो तो दोघींचा मिळून असतो. आई सांगते मॅडमनी किती घेतली, मॅडम सांगतात आईनं काय काय सांगितलं. बाबांबद्दलचं बरंचसं मला आता मॅडमकडूनच कळतं. मागच्या रविवारी कळलं, की त्याला पोहता येत होतं.